विद्येचा योगक्षेम

पेशवाईच्या काळी श्रावणमासात पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी, रमण्यात, जी दक्षिणा वाटली जाई तिची वर्णने आपल्याकडे बहुधा थाटाच्या किंवा उधळपट्टीच्या अंगाने झालेली आहेत, आणि ती खोटी आहेत असेही नव्हे. परंतु विद्येचा योगक्षेम कोणी चालवावा, कोणत्या अटींवर चालवावा आणि पात्रापात्रतेचा निवाडा कोणाच्या हाती असावा, या प्रश्नांच्या दृष्टीने त्या दक्षिणेचा वृत्तान्त वाचू लागले म्हणजे आजच्या विद्यापीठीय अनुदानांच्या कारभारातील बहुतेक गुणदोष तेथे बीजरूपाने दिसू लागतात. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावास सुरू केलेला हा दानधर्म, १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर, पहिल्या बाजीरावाने पुण्यास आणला, आणि पुढे त्याला दोन अंगे फुटली: एकीकडे शास्त्रीपंडितांची परीक्षा घेऊन त्यांच्या विद्वत्तेच्या मानाने द्यावयाची रक्कम, आणि दुसरीकडे केवळ जन्मावरून, आवारात शिरलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवावयाची सरसकट देणगी. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने, नव्याने जिंकलेल्या मुलखातील विद्वद्वर्गाचा रोष ओढवून घेणे शहाणपणाचे नव्हे हे ओळखून, ही दक्षिणा एकदम बंद न करता तिला वर्षाकाठी ५०,००० रुपयांची मर्यादा घातली, आणि १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली तिची तजवीज याच दक्षिणेच्या पैशांतून झाली.

मग १८४९ चा तो प्रसिद्ध अर्ज येतो. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख प्रभृती मंडळींनी सरकारास विनंती केली की, या दक्षिणेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस पारितोषिके देण्याकडे वळवावा. सनातनी पुणे या अर्जाने किती खवळले हे सर्वश्रुत आहे. तथापि अर्ज मान्य झाला, दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि धर्मादायाच्या पैशांतून देशी भाषेतील ग्रंथलेखनास उत्तेजन देण्याचा प्रघात पडला. येथवर गोष्ट सुधारकांच्या विजयाची आहे. परंतु १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे आपले नाटक याच कमिटीकडे पाठविले आणि ते नाकारले गेले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी नोंद जोतीरावांनी मागाहून स्वतःच करून ठेवली आहे. ज्या नाटकात पुरोहितवर्गाकडून शेतकऱ्याच्या होणाऱ्या नागवणुकीचे चित्र होते, ते नाटक त्या वर्गाच्या प्रतिनिधींपुढेच निवाड्यासाठी जावे, हा केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येत नाही. निवडसमितीत कोण बसले आहे हे अर्ज करण्यापूर्वी पाहावे, असा व्यवहारी सल्ला आज प्रत्येक अनुभवी प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यास देतो. त्या सल्ल्यामागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा अनुभव उभा आहे.

याच निधीतून पुढे ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९२६ च्या सुमारास, ही दक्षिणा फेलोशिप घेऊन एक तरुण स्त्री मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास करू लागली आणि तिने आपल्या प्रबंधासाठी विषय घेतला तो चित्पावन ब्राह्मणांचा. इरावती कर्वे यांचे नाव वाचकांनी ओळखले असेलच. ज्या पैशांचा उगम ब्राह्मणांस द्यावयाच्या दानात होता, त्याच पैशांवर ब्राह्मणांच्या एका पोटजातीचा मानवशास्त्रीय अभ्यास एका स्त्रीने करावा, ही परिणती रमण्याच्या दरवाजावर उभ्या असलेल्या कारकुनास सांगितली असती तर त्याने ती थट्टाच समजली असती. निधी दीर्घायुषी असतात. त्यांचे हेतू मात्र काळाच्या रेट्याखाली वाकतात, आणि ते वाकविण्याचे काम कोणी तरी अर्ज करून, भांडून, मसुदे लिहून केलेले असते.

संशोधनासाठी व शैक्षणिक प्रकल्पांसाठी अनुदाने, शिष्यवृत्त्या आणि अधिछात्रवृत्त्या कशा शोधाव्यात, या विषयावरील प्रस्तुत पुस्तकास प्रस्तावना लिहिताना मी इतक्या मागे गेलो याचे कारण असे की, आपल्या महाविद्यालयांतून या विषयाची जी चर्चा चालते ती जवळजवळ सर्वस्वी संकेतस्थळे, शेवटच्या तारखा आणि नमुना-अर्ज यांच्यापाशी घुटमळते. ही माहिती नको असे कोण म्हणेल? परंतु तिच्यामागचे मूळ सूत्र हाती नसेल तर ती दर सहा महिन्यांनी शिळी होते. ते सूत्र माझ्या मते एवढेच की, विद्येसाठी दिला जाणारा प्रत्येक रुपया देणाऱ्याचा हेतू बरोबर घेऊन येतो, आणि अनुदान शोधणे म्हणजे तो हेतू नीट वाचून, आपला प्रश्न न मोडता त्यात सामावतो की नाही, याचा निर्णय करणे होय. जो हेतू वाचीत नाही त्याचा अर्ज फेटाळला जातो. आणि जो हेतूपुढे आपला प्रश्न मोडून घेतो त्याचा अर्ज मंजूर होतो खरा, पण मग तीन वर्षे तो दुसऱ्याचे काम आपल्या नावावर करीत बसतो. या दुसऱ्या प्रकारचे दुर्दैव पहिल्यापेक्षा मोठे आहे असे मला वाटते, कारण त्याची तक्रारही करता येत नाही.

देणाऱ्याच्या हेतूचा कागद किती काळ जिवंत राहतो याचे एक उदाहरण डेक्कन कॉलेजाचे आहे. उपर्युक्त पाठशाळेच्याच वंशातील हे कॉलेज. त्याच्या इमारतीसाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले होते. १९३४ मध्ये मुंबई सरकारने काटकसरीच्या नावाखाली कॉलेज बंद केले, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी नुसते निषेधाचे ठराव करून न थांबता कोर्टाची पायरी चढली, आणि त्यांच्या बाजूचा भक्कम आधार होता तो जमशेटजींच्या त्या देणगीतून निर्माण झालेल्या विश्वस्त-कर्तव्याचा. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. सांकलिया, कत्रे आणि वर उल्लेखिलेल्या इरावतीबाई यांची कारकीर्द तेथेच बहरली. महाराष्ट्रातील पुरातत्त्वविद्येचे आणि भाषाशास्त्राचे जे श्रेय आपण या संस्थेला देतो, त्यातील काही अंश त्या दानपत्राचा आहे. म्हणून माझी संशोधकांना विनंती असते की, निधीची जाहिरात वाचून थांबू नका, त्याचे मूळ दानपत्र, नियमावली किंवा शासन निर्णय मिळवून अथपासून इतिपर्यंत वाचा. जाहिरातीत चार ओळी असतात. ज्या कलमावर तुमचा अर्ज तरावयाचा किंवा बुडावयाचा ते कलम बहुधा आतल्या कागदात असते.

अटींविषयी बोलताना बडोद्याची गोष्ट टाळता येत नाही. सयाजीराव गायकवाड यांच्या दरबाराने १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली, आणि त्याबरोबर करारनाम्यावर सही घेतली की, शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये ते परतले, बडोद्यास रुजू झाले, आणि ज्या शहराच्या राजाने त्यांस समुद्रापार पाठविले होते त्याच शहरात अस्पृश्य म्हणून राहावयास जागा न मिळाल्याने त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू छत्रपतींचे साहाय्य यांच्या जोरावर. दरबाराने पैसा दिला, करार केला, मुदत घातली. परंतु त्या पैशावर विद्वान झालेला माणूस परत आल्यावर राहील कोठे, ही तरतूद कोणत्याही कलमात नव्हती. आजही वसतिगृह, भाडे, प्रवास आणि पहिला हप्ता हाती येईपर्यंतचा निर्वाह या बाबी अधिछात्रवृत्तीच्या योजनांत कोठे तरी कडेला ढकललेल्या दिसतात. असे असूनही, १९२५ मध्ये ‘ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती’ या विषयावरील आपला प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध करताना डॉ. आंबेडकरांनी तो सयाजीराव महाराजांसच अर्पण केला. त्या ग्रंथाचा विषय तरी काय होता? मध्यवर्ती सरकारने प्रांतांना पैसा कसा नेमून द्यावा, कोणत्या शर्तींवर द्यावा, आणि त्या शर्तींचा प्रांतांच्या कारभारावर काय परिणाम होतो. स्वतः नेमणुकीवर शिकलेल्या विद्वानाने नेमणुकींचे शास्त्र लिहावे, हा योग अर्थशास्त्राच्या इतिहासात क्वचितच जुळला असेल.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला त्याची रीत वेगळी होती. ती देणगी नव्हती, कर्जाऊ शिष्यवृत्ती होती. घेणाऱ्याने पुढे मिळवते झाल्यावर रक्कम परत करावी आणि तीच रक्कम पुढच्या विद्यार्थ्यास जावी. आपल्या मध्यमवर्गास कर्ज या शब्दाचा जो धसका आहे त्यामुळे अनेक गुणी विद्यार्थी या प्रकारच्या योजनांकडे ढुंकून पाहत नाहीत, आणि ‘पूर्ण’ शिष्यवृत्ती मिळेपर्यंत थांबण्यात उमेदीची दोन-तीन वर्षे घालवितात. इरावतीबाई बर्लिनला गेल्या त्या जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर. १९३० मध्ये त्या डॉक्टरेट घेऊन परतल्या. हे धोंडो केशव कर्व्यांच्या सुनेचे उदाहरण आहे, आणि खुद्द धोंडोपंतांचा या परदेशगमनास विरोध होता, हे लक्षात घेतले म्हणजे पैशाची सोय हा घरच्या संमतीलाही पर्याय कसा ठरू शकतो ते ध्यानी येते.

कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांचे नाव या संदर्भात सहसा घेतले जाते ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला आणि त्यांनी हट्ट धरून तो मिळविला, या हकीकतीसाठी. मला तिचा पुढचा भाग अधिक उद्बोधक वाटतो. मुंबई विद्यापीठाकडे स्प्रिंगर संशोधन शिष्यवृत्ती होती, तसाच सर मंगळदास नथुभाई यांच्या नावाचा परदेशगमनाचा निधीही होता. एक इंग्रजी नावाचा, दुसरा एका गुजराती शेटजींच्या दातृत्वाचा. कमलाबाईंनी या दोहोंची सांगड घालून केंब्रिज गाठले, आणि तेथे असताना अमेरिकेतील पदवीधर स्त्रियांच्या महासंघाची प्रवासवृत्तीही मिळविली. १९३९ मध्ये, अवघ्या चाळीस पृष्ठांच्या प्रबंधावर, त्यांना डॉक्टरेट मिळाली. एका निधीने सर्व काही भागेल अशी अपेक्षा त्यांनी ठेवली नाही. गोधडी शिवावी तसे हे काम असते: तुकडे वेगवेगळ्या घरचे, पण टाका आपला. आणि म्हणूनच, दोन वृत्त्या एकाच वेळी घेण्यास मज्जाव करणारे कलम कोणत्या नियमावलीत आहे आणि कोणत्या नियमावलीत नाही, हे पाहणे आजच्या संशोधकास अत्यंत अगत्याचे झाले आहे.

आता सांप्रतच्या परिस्थितीकडे वळू. स्वातंत्र्यानंतर दात्याची भूमिका मुख्यतः सरकारकडे आली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन १९५३ च्या डिसेंबरात मौलाना आझादांच्या हस्ते झाले, १९५६ मध्ये त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले, आणि त्या वर्षी अध्यक्षपदावर आले ते चिंतामणराव देशमुख, ज्यांनी १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती पटकावली होती. आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेतून निवडलेल्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात आणि दोन वर्षांनंतर, ज्येष्ठ ठरल्यावर, ४२,०००. विज्ञानासाठी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, समाजशास्त्रांसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, इतिहासासाठी १९७२ ची इतिहास अनुसंधान परिषद, ही ठिकाणे परिचित आहेत. महाराष्ट्र शासनाच्या बार्टी, सारथी आणि महाज्योती या स्वायत्त संस्थांनी अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त समाजांतील पीएच्.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांस ज्या अधिछात्रवृत्त्या दिल्या, त्यांच्यामुळे ज्या घरांत पूर्वी पदवीधरही नव्हता अशा घरांतील मुलेमुली आज मोडी दप्तरे चाळीत बसलेली दिसतात. या घटनेचे महत्त्व आपल्या विद्वज्जनांनी अद्याप पुरते ओळखलेले नाही. मोठ्या वैज्ञानिक प्रकल्पांच्या क्षेत्रात २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले असून पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा जो अंदाज बांधला गेला त्यातील मोठा हिस्सा सरकारी तिजोरीबाहेरून यावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे उद्योगपतीच्या दारी जाण्याचा प्रसंग, जो जमशेटजी टाटांच्या काळी व्यक्तिगणिक होता, तो आता धोरण म्हणूनच पुढे आलेला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते आणि शिक्षण हे त्या कामांच्या यादीत आहे. परंतु ती रक्कम सहसा वर्गखोल्या आणि संगणक यांकडे जाते, कारण त्यांचे छायाचित्र काढता येते.

परदेशी वृत्त्यांपैकी राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, जर्मनीची डाड, आणि १९५० च्या करारापासून चालत आलेली व आता फुलब्राइट-नेहरू या नावाने ओळखली जाणारी वृत्ती, यांची माहिती पुस्तकात यथास्थित दिलेली आहे. येथे एकच गोष्ट नमूद करितो. विदेशी देणगी स्वीकारण्यास कायद्याचे जे कडक निर्बंध आहेत ते मुख्यतः संस्थांना लागतात. विद्यार्थ्यास मिळणाऱ्या शिष्यवृत्तीस किंवा विद्यावेतनास त्या कायद्यातच सूट आहे. या दोहोंची गल्लत करून, ‘परदेशचा पैसा म्हणजे भानगड’ असे म्हणत विद्यार्थ्याच्या अर्जावर सही न करणारे प्राचार्य आजही आढळतात.

शोध कोठून आरंभावा असे कोणी विचारल्यास मी दिल्ली सांगत नाही, आपल्याच विद्यापीठाची कचेरी सांगतो. तेथे जुन्या देणग्यांचे छोटे निधी असतात; त्यांची रक्कम आजच्या मानाने क्षुल्लक दिसते, पण एका हस्तलिखिताच्या प्रती काढण्यास किंवा महिनाभराच्या क्षेत्रकार्यास ती पुरते, आणि स्पर्धा नसल्यासारखीच असते. दुसरी जागा म्हणजे प्रबंधांची ऋणनिर्देशाची पाने. आता ‘शोधगंगा’ या संग्रहामुळे देशभरातील प्रबंध घरबसल्या पाहता येतात; आपल्या विषयाच्या जवळपास गेल्या दहा वर्षांत झालेले वीस प्रबंध उघडावेत, संशोधन न वाचता प्रथम आभार वाचावेत, आणि कोणत्या संस्थेने, कोणत्या नावाच्या योजनेखाली, कोणत्या कामास पैसा दिला याचे टाचण करावे. आईवडील, मार्गदर्शक आणि ग्रंथपाल यांच्या मधोमध एखाद्या ओळीत ते नाव सापडते. कोणत्याही सूचीपेक्षा हे टाचण विश्वसनीय, कारण दाता काय देईन म्हणतो हे सूचीत असते, आणि त्याने प्रत्यक्षात काय दिले हे आभारात.

अर्जाच्या लेखनासंबंधी पुस्तकात दोन प्रकरणे आहेत व ती चांगली उतरली आहेत. मी त्यांत एका पत्राची भर घालीन. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या सर सोराब सकलातवाला यांस जे पत्र लिहिले, त्यातून पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. त्या पत्रात भाभांनी आपल्या बुद्धीची जाहिरात केलेली नाही, की देशाच्या दुर्दशेवर अश्रू ढाळलेले नाहीत. भौतिकीच्या मूलभूत संशोधनाचे केंद्र देशात नाही, हे काम करू शकणारी माणसे आहेत पण ती विखुरलेली आहेत, आणि अणुशक्तीपासून वीज निर्माण करण्याचा दिवस एक-दोन दशकांत उजाडेल तेव्हा भारतास तज्ज्ञांसाठी बाहेर पाहावे लागू नये, असा तो सरळ युक्तिवाद आहे. त्या वेळी हिरोशिमा व्हावयाचे होते. मूलभूत विज्ञान हा आपला हेतू आणि राष्ट्रोपयोग हा विश्वस्तांचा हेतू, या दोहोंचा मेळ त्यांनी ज्या एका वाक्यात घातला ते वाक्य प्रत्येक अर्जदाराने एकदा तरी मुळातून वाचावे.

परंतु विश्वस्तांचे किंवा परीक्षकांचे डोळे खरोखर कोठे थबकतात म्हणाल, तर अंदाजपत्रकावर. असे समजा की, एखाद्या विद्यार्थिनीस अठराव्या शतकातील वतनाच्या तंट्यांचा अभ्यास करावयाचा आहे आणि पुणे पुरालेखागारातील मोडी रुमाल हे तिचे साधन आहे. सर्वसाधारण अर्जात पहिली रक्कम लॅपटॉपची असते, दुसरी परिषदेच्या विमानप्रवासाची, आणि मोडी वाचकाचे मानधन ‘इतर’ या सदरात लोटलेले असते. हा कागद पाहताच जाणता परीक्षक समजतो की, अर्जदाराने अद्याप रुमाल सोडून पाहिलेला नाही. जिने पाहिला आहे ती प्रथम वाचकाचे दिवस मोजते, कारण एका बैठकीत चांगल्या अक्षराचे किती कागद उतरतात आणि घसटलेल्या अक्षराचे किती, हे तिला ठाऊक असते; मग प्रतींचे शुल्क, मग साताऱ्या-कोल्हापूरच्या खेपा, मग दप्तरखाना बंद असण्याचे दिवस धरून निवासाचा खर्च, आणि आकस्मिक खर्चाचे सदर शेवटी, ठरवून दिलेल्या टक्केवारीच्या आत. आवर्ती कोणते आणि अनावर्ती कोणते, हे ती गोंधळत नाही. तिच्या प्रस्तावनेत सिद्धान्ताचा एखादा परिच्छेद कमी असला तरी चालतो. तिला काम येते हे आकड्यांनीच सांगितलेले असते.

मुदतीचा प्रश्न मात्र अर्जदाराच्या कौशल्याने सुटत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली ती १९१९ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे अभिवचन दिले होते. त्या कामास पुढे सरकारांनी, विद्यापीठांनी आणि संस्थानिकांनी हातभार लावला. हैदराबादच्या निजामाने त्यासाठी वर्षास हजार रुपये दिले व अतिथिगृहासाठी वेगळी रक्कम दिली. १९२५ मध्ये सुकथनकर संपादक झाले, १९४३ मध्ये ते वारले, त्यांच्यामागे बेलवलकरांनी व नंतर प. ल. वैद्यांनी धुरा वाहिली, १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली, आणि १९६६ मध्ये काम पूर्ण झाले. सत्तेचाळीस वर्षे! आज एखाद्या संस्थेने सत्तेचाळीस वर्षांचा प्रस्ताव पाठविला तर तो छाननीतच बाद होईल, कारण बहुतेक योजनांत प्रकल्पाची मुदत दोन किंवा तीन वर्षांची असते आणि अर्ध्या मुदतीत प्रगतीचा अहवाल मागितला जातो. सुकथनकरांनी पहिली कित्येक वर्षे पाठपरंपरांची छाननी करण्यात घालविली होती. त्या काळाचा प्रगती-अहवाल त्यांनी कोणत्या रकान्यात भरला असता, याची कल्पनाच केलेली बरी. कोश, चिकित्सक आवृत्ती, बोलीभाषांची पाहणी असली कामे यापुढे व्हावयाची असतील तर दात्यांनीच आपल्या नियमावल्या बदलावयास हव्यात, आणि तोवर संशोधकांनी लांब कामाचे असे भाग पाडावेत की प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उपयोगी पडेल.

मंजुरीनंतरचा अध्याय रूक्ष आहे, पण तो टाळणाऱ्याची फजिती ठरलेली. हप्ता वेळेवर येत नाही. अधिछात्रवृत्तीचे पैसे महिनोन्महिने थकल्याने संशोधक विद्यार्थी उपोषणास बसल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्यात विद्यार्थ्यांचा दोष नसतो. तथापि पुष्कळदा दुसरा हप्ता अडतो तो पहिल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचे विवरणपत्र दाखल न झाल्यामुळे. संशोधक म्हणतो मी लेखा विभागास कळविले, लेखा विभाग म्हणतो पावत्या अपुऱ्या आहेत, आणि वर्षअखेर उजाडते. सरकारी अनुदानावर बँकेत जमलेले व्याजदेखील सरकारचे असते व ते परत करावयाचे असते, ही गोष्ट प्रथमच ऐकणारे प्रकल्पप्रमुख थोडे नाहीत. पहिल्याच दिवशी वेगळी वही घालावी, पावती मिळताच तिच्यावर सदर लिहावे, आणि लेखा विभागातील ज्या कारकुनाकडे आपली नस्ती आहे त्याच्याशी ओळख ठेवावी; त्याला नियम कुलगुरूंपेक्षा अधिक माहीत असतात.

राहता राहिला अंतिम अहवाल. नियमाप्रमाणे त्याच्या प्रती दात्याकडे जातात, एक विद्यापीठात राहते, आणि ज्या गावच्या लोकांनी मुलाखती दिल्या, ज्या घराण्याने पेटी उघडून कागद दाखविले किंवा ज्या तालुक्याच्या वाचनालयाने चार महिने टेबल दिले, त्यांच्याकडे काहीच जात नाही. अहवाल इंग्रजीत असला तर गेल्याचा उपयोगही नसतो. तेव्हा चाळीस-पन्नास पानांचा मराठी गोषवारा छापून त्या त्या ठिकाणी पोहोचविण्याचा खर्च ‘मुद्रण व वितरण’ या सदराखाली मूळ अंदाजपत्रकातच घालून ठेवावा. परीक्षक तो क्वचितच कापतात. मागाहून मागितल्यास मात्र त्यासाठी कोणतीही योजना पैसे देत नाही.